रिपोर्टमध्ये सगळं नॉर्मल होतं

मी डायलिसिस टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली या कामात. दर महिन्याचे रक्ताचे रिपोर्ट आले की ते रजिस्टरमध्ये चढवायचं काम माझ्याकडे असतं. त्या दिवशी तिसऱ्या बेडवरच्या काकांचा एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची तपासणी, आला ३६, रिपोर्टवर कसलीही खूण नाही कारण ४० पर्यंत नॉर्मलच धरतात, पण माझं लक्ष सहज आधीच्या महिन्यांकडे गेलं तर तिथे १२, १४, ११, १३. डायलिसिसच्या पेशंटचा एसजीपीटी मुळातच इतरांपेक्षा कमी असतो, त्यामुळे लिव्हरला काही झालं तरी आकडा बऱ्याचदा नॉर्मलच्या आतच राहतो, मागचं पान बघितल्याशिवाय कळत नाही.

डॉक्टर मॅडमना दाखवलं, त्यांनी हेपेटायटिस सी ची, म्हणजे लिव्हरच्या व्हायरल इन्फेक्शनची, टेस्ट लावली. अँटिबॉडी निगेटिव्ह आली आणि मला एकदम हायसं वाटलं, पण मॅडम म्हणाल्या आरएनए, म्हणजे थेट व्हायरस शोधणारी टेस्ट, पण करायचीच. इन्फेक्शन झाल्यावर अँटिबॉडी दिसायला साधारण ८ ते ११ आठवडे जातात, आमच्या पेशंटमध्ये त्याहून उशीर होतो, कधी तर दिसतच नाही, व्हायरसचं आरएनए मात्र १-२ आठवड्यात सापडतं. सॅम्पल हेपरिन, म्हणजे डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध, द्यायच्या आधी घेतलं कारण हेपरिन मिसळलं की आरएनएची पीसीआर टेस्ट बिघडू शकते. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

काकांना मधल्या काळात रक्त चढवलं नव्हतं, ऑपरेशन नाही, दातांचं काम नाही, कुठे इंजेक्शन घेतलं नाही. म्हणजे आमच्याकडेच झालं.

चौथ्या बेडवर एक ताई असतात, त्या आधीपासून सी पॉझिटिव्ह. बातमी कशी फुटली माहीत नाही पण दुपारपर्यंत सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे, एका नातेवाईकाने तर त्यांच्यासमोरच विचारलं की यांना वेगळं मशीन का देत नाही. ताई डोळे मिटून पडून राहिल्या, चार तास, सुया लावलेल्या असताना उठून जायची पण सोय नाही. मला फार वाईट वाटलं. हेपेटायटिस बी ला वेगळी खोली आणि वेगळं मशीन लागतं, सी ला तशी सक्ती नाही, कारण डायलायझरचा, म्हणजे रक्त गाळणाऱ्या फिल्टरचा, पडदा शाबूत असेल तर हा व्हायरस त्यातून पलीकडे जात नाही. तो जातो हातांवरून, ट्रेवरून, औषधाच्या व्हायलमधून, म्हणजे आमच्यामुळे, ताईंमुळे नाही.

संध्याकाळी इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टरने आम्हाला रोज करतो तसंच सगळं करून दाखवायला लावलं. हेपरिनची एकच मोठी व्हायल, ती ट्रेमध्ये घेऊन मी बेडमागून बेड फिरत होते. आणि शिफ्ट बदलताना, एकाचं रक्त परत देतोय, दुसऱ्याला सुया टोचतोय, तेवढ्यात चौथ्या बेडचा व्हेनस प्रेशरचा अलार्म वाजतो, ग्लोव्हज न बदलता मी तो बंद करते आणि परत तिसऱ्या बेडच्या फिस्टुलाकडे, म्हणजे सुया टोचतात त्या शिरेकडे, येते. हे मी करून दाखवलं आणि तिथेच थांबले. रक्ताचा न दिसणारा डागसुद्धा पुरतो, आणि हा व्हायरस बाहेर वाळलेल्या रक्तात कित्येक दिवस जिवंत राहू शकतो. नेमकं कोणत्या दिवशी, कशातून गेलं ते सिद्ध झालं नाही, पण माझ्या हातून गेलं असू शकतं हे मला त्या दिवशी कळलं आणि अजून झोपताना आठवतं.

काकांना सांगायला मॅडमबरोबर मी पण गेले. ते म्हणाले, "पोरी, माझ्या खाण्यात काही आलं का गं?" मी म्हटलं नाही काका, हा खाण्यातून होत नाही, रक्तातून होतो, इथेच झालाय, चूक आमची आहे. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग विचारलं, "त्या चौथ्या बेडच्या बाईंना कोणी काही बोललं नाही ना?"

पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, महिनोनमहिने, आमच्या पेशंटना ती झेपायचीच नाहीत. आता गोळ्या आहेत, ८ ते १२ आठवडे, आणि १०० पैकी ९५ हून जास्त लोक बरे होतात, डायलिसिसवर असले तरी. काकांना सोफोसब्युव्हिर-वेल्पाटास्व्हिर १२ आठवडे दिली, ताईंना पण त्याच वेळी सुरू केली, खरं तर त्यांना कधीच मिळायला हवी होती. बाकी सगळ्यांची आरएनए केली, ती निगेटिव्ह आली, तरी पुढचे तीन महिने दर महिन्याला परत केली.

आता हेपरिन बाजूच्या स्वच्छ खोलीत भरतो, एका पेशंटची एक सिरिंज, बेडजवळ गेलेलं काही परत आत येत नाही. पेशंट उठून गेल्यावरच खुर्ची आणि मशीन पुसायचं, तोवर पुढच्याला आत घ्यायचं नाही, त्यामुळे शिफ्ट उशिरा सुरू होते आणि लोक चिडतात, चिडू देत.

काकांच्या गोळ्या संपून येत्या सोमवारी १२ आठवडे होतील, त्या दिवशीची आरएनए निगेटिव्ह आली तर बरे झाले म्हणायचं. अँटिबॉडी मात्र उमटली तर राहणारच आणि ती परत होण्यापासून वाचवत पण नाही, म्हणून त्यांच्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, यापुढे फक्त आरएनए, हेपरिनच्या आधी.