तोच शर्ट पुन्हा

सहा वर्षांपूर्वी घेतलेला फिक्या निळ्या रंगाचा एक साधा सुती शर्ट आता कॉलरीच्या दुमडीवर विरला आहे. या सहा वर्षांत त्याने तक्रारीला जागा दिली नाही. हात वर केला तरी तो कमरेतून बाहेर येत नसे आणि इस्त्री अर्धवट राहिली तरी चारचौघांत शोभत असे. त्यामुळे त्याच कंपनीचा, त्याच नावाचा आणि त्याच मापाचा शर्ट मागवला आणि विषय संपला असे मानले.

आलेला शर्ट नावापुरताच तोच निघाला. दोन्ही शर्ट उलटे करून शेजारी शेजारी पसरले. जुन्याच्या बाजूच्या शिवणीत कापडाच्या कडा आत दुमडून वरून दुहेरी टीप मारलेली होती, तर नव्यात कडा नुसत्या ओव्हरलॉक करून सोडल्या होत्या. जुन्यात सुट्या बटणांची जोडी आत शिवलेली होती. नव्यात तीही नव्हती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर जुना २३० ग्रॅम भरला आणि नवा १८५ ग्रॅम, तेही जुना शेकडो धुण्यांत झिजलेला असताना.

कापडाचा जाडपणा एका चौरस मीटरच्या वजनावरून मोजतात आणि त्यालाच जीएसएम म्हणतात. गिऱ्हाईक नाव, रंग आणि माप पाहते. हा आकडा बहुधा लेबलवर नसतोच. धागे किती आहेत, ते किती बारीक आहेत, कापसाचे तंतू लांब आहेत की आखूड, यांतले काहीही बदलले तरी नाव बदलावे लागत नाही. आखूड तंतूंची टोके धाग्यातून लवकर बाहेर येतात आणि त्यांचेच पुढे गोळे होतात, पण हे कळेपर्यंत परत करण्याची मुदत टळून गेलेली असते. लेबलवर तंतूंचे प्रमाण मात्र असते आणि तिथे फरक उघड दिसला: जुना १०० टक्के सुती होता, नव्यात ३ टक्के इलास्टेन होते. ताण सोडताच मूळ लांबीवर येणारा हा कृत्रिम धागा आरामासाठी घातला जातो हे खरे, पण बेतण्यातली चूकही तो झाकून घेतो, अशी माझी शंका आहे. शिवाय उष्णतेने त्याची लवचिकता कमी होत जाते, त्यामुळे कडक इस्त्री आवडणाऱ्या माझ्यासारख्याला तो फारसा उपयोगाचा नाही.

मुद्दाम फसवले, असे मी म्हणणार नाही. कंपनी बहुतेक वेळा स्वतः कापड विणत नाही. गिरणीने एखादे कापड बंद केले की दुसरीकडचे जवळपास तसेच शोधावे लागते. कापताना अनेक थर एकावर एक ठेवलेले असतात आणि खालचे थर किंचित सरकतात, म्हणून एकाच मापाच्या दोन शर्टांतही सेंटिमीटरभराचा फरक राहू शकतो. आणि माझ्या बाजूनेही एक गोष्ट कबूल केली पाहिजे: जुन्या शर्टाचा मऊपणा सहा वर्षांच्या धुण्याने आला आहे; त्याच ताग्यातला कोरा शर्ट मिळाला असता तरी पहिले काही महिने मी कुरकुरलोच असतो. पण दुहेरी टीप काही धुण्याने येत नाही.

आवडलेली वस्तू एकदम तीन घेऊन ठेवावी, हा उपाय मी पँटच्या बाबतीत करून पाहिला आहे. तिसरी पँट अजून घडीतच आहे, कारण दरम्यान माझी कंबर तेवढी राहिली नाही. तिथे माप कंपनीने नव्हे, मीच बंद केले. शिंप्याकडून तसाच शर्ट शिवून घेण्याचाही विचार केला. त्याने शर्ट हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि सांगितले की बेत तंतोतंत उतरवायचा तर हा उसवावा लागेल, आणि कापड तुम्ही आणा. कापडच तर मिळत नव्हते.

शेवटी त्यानेच कॉलर सोडवून उलटवून दिली. विरलेली बाजू आता दुमडीच्या आत गेली आहे. नवा शर्ट मी परत केला आणि जुन्याचे लेबल, शिवणीचे फोटो आणि छातीचे, खांद्याचे व बाहीचे माप एका वहीत लिहून ठेवले आहे. बाह्यांच्या पट्ट्यांनाही आता बारीक दशा सुटू लागल्या आहेत.