हेड उघडण्याआधीचे आकडे

माझी मारुती ८०० जुनी, कार्ब्युरेटरची आणि तीन सिलिंडरची आहे. गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात रेडिएटरचा होज फाटला आणि तापमानाचा काटा पार वर जाऊन टेकेपर्यंत माझे तिकडे लक्ष गेले नाही. तो होज फार पूर्वीच बदलायला हवा होता, तेव्हा दोष गाडीचा नव्हे, माझाच. नवा होज बसवून पुण्याला परतलो खरा, पण त्यानंतर गाडी उभ्या जागी थरथरू लागली आणि कात्रजच्या चढावर तिचा दम संपू लागला.

आमच्या मिस्त्रींनी आधी प्लग बदलले, मग कार्ब्युरेटर साफ केला. हेड गॅस्केटचा, म्हणजे सिलिंडरांचा ब्लॉक आणि त्यावर बोल्टांनी आवळलेले झाकण (हेड) यांच्यामधल्या पातळ थराचा, संशय मी बोलून दाखवला, तेव्हा त्यांनी डिपस्टिक काढून माझ्यासमोर धरली आणि म्हणाले, "साहेब, तेल बघा की किती स्वच्छ आहे. गॅस्केट गेलं असतं तर पाणी मिसळून याचं ताक झालं असतं." सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नव्हता, पाणीही कमी होत नव्हते. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते, अपुरे होते. गॅस्केट जळणारा वायू, पाणी आणि तेल या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवते, तसेच ते एका सिलिंडरला शेजारच्या सिलिंडरपासूनही वेगळे ठेवते. दोन सिलिंडरांमधल्या बोटभरही रुंद नसलेल्या पट्टीवर ते जळले, तर तेलाला आणि पाण्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून हेडला हात लावण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, मोजू या, असा मी हट्ट धरला. एकदा हेड उघडले की पुरावा गेला. मग गॅस्केटबरोबर आणखी काय बिघडले होते, हे कळायला मार्ग राहत नाही. इंजिन गरम करून तिन्ही प्लग काढले, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर सोडवली, चोक (कार्ब्युरेटरच्या तोंडाची हवेची झडप) पूर्ण उघडा आहे याची खात्री केली आणि मी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारत राहिलो. ॲक्सिलरेटर दाबायचा राहिला तर इंजिनला पुरेशी हवाच मिळत नाही आणि धडधाकट सिलिंडरही आजारी दिसतो. बॅटरी उतरलेली असली तरी तेच होते. प्लगच्या भोकावर दाबाचा गेज धरून प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा झटके दिले. पहिल्यात १५० पीएसआय (दाबाचे एकक), दुसऱ्यात ८५, तिसऱ्यात ८०.

गेजवरचा एकटा आकडा फारसा काही सांगत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ, तेव्हा तेच इंजिन इथे तेवढाच कमी आकडा दाखवणार. शिवाय रबरी टोकाचा गेज हाताने दाबून धरायचा, त्यात हात हलला की पाच-दहा पीएसआय इकडेतिकडे. खरे बोलतो तो सिलिंडरांमधला फरक. तो दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असावा; इथे तो चाळीसच्या पुढे होता आणि पडलेले दोन्ही सिलिंडर शेजारी शेजारी होते. दोन्हींत चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजले. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट भरून काटा वर गेला असता, पण तो जागचा हलला नाही. शेजारच्या दोन सिलिंडरांचे व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) एकाच दिवशी, एकाच मापाने बिघडावेत हे पटण्यासारखे नव्हते. मिस्त्री काही बोलले नाहीत, पान्यांचा डबा मात्र घेऊन आले.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिले आणि सकाळी हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करून सैल केले. गॅस्केट निघाले तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कड्या जिथे एकमेकींना जवळजवळ चिकटतात, तिथली धातूची किनार जळून गेली होती आणि तिच्या जागी काजळीची आडवी रेघ उरली होती. ॲल्युमिनियमचे हेड तापल्यावर बिडाच्या ब्लॉकच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, बोल्ट त्याला धरून ठेवतात, आणि मग ते वाकते. सरळ पट्टी हेडवर ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवला, तर मधोमध ०.१० मिलिमीटरचे पाते सहज आत गेले. हेड लेथवाल्याकडे फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घ्यायला, पाठवले आणि त्याच खेपेला व्हॉल्व्हही घासून बसवले.

सगळे जोडून पुन्हा गेज लावला: १५५, १५०, ११०. मिस्त्रींचा चेहरा उतरला, माझाही. नवे गॅस्केटच नीट बसले नाही, असे आम्हा दोघांच्याही मनात आले, पण तसे असते तर दुसराही पडला असता. पुन्हा तेल घातले, फरक शून्य. मग तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि एकेका तोंडाशी कान लावला. कार्ब्युरेटर गप्प होता, तेल भरायच्या तोंडातून येणारी फुसफुस नेहमीइतकीच होती, रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते. सायलेन्सरच्या टोकाशी मात्र स्पष्ट सूं सूं. म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत नव्हता. व्हॉल्व्ह घासला की तो सीटमध्ये किंचित आत जातो, त्याची दांडी तेवढीच वर येते आणि टॅपेटची फट, म्हणजे दांडी आणि तिला दाबणारा स्क्रू यांच्यामधली जागा, आटते; ती उरली नाही की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. बाकीचे टॅपेट मिस्त्रींनी सेट केले होते, हा एक जेवणाच्या सुट्टीच्या अलीकडे-पलीकडे राहून गेला असावा. फटीत सर्वांत पातळ पातेही शिरेना.

लॉकनट सैल करून स्क्रू जेमतेम पाव फेरा फिरवला, फट मोजून पुन्हा आवळला आणि मी सेल्फ मारला. गेज या वेळी मिस्त्रींनी स्वतः धरला होता. १५२. त्यांनी खिशातली पेन्सिल काढून तिन्ही आकडे तारखेसह एअर फिल्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले.