पाटीवरचं पूज्य

रविवार

आत्तीला कन्नड वाचता येत नाही. शाळा मराठी चौथीपर्यंत, तीही नंदगडची, सत्तरेक वर्षांपूर्वीची. तरी बसची पाटी तिला कधी अडली नाही. कन्नडमध्ये अनुस्वार डोक्यावर टिंब होऊन बसत नाही, अक्षराच्या शेजारी अक्षराएवढंच वाटोळं पूज्य काढतात. नंदगडच्या पाटीत ते दुसऱ्या जागी येतं. जांबोटीच्याही येतं. म्हणून पहिलं अक्षर बघायचं, मग पूज्य, मग चढायचं. हा हिशेब तिचा तिनेच बसवलेला.

गेल्या सोमवारी ती बेळगावच्या स्टँडवर जांबोटीच्या गाडीत बसली. गर्दी होती, कंडक्टर तिच्यापर्यंत पोचेतो पिरनवाडीचा फाटा मागे पडला होता. बायकांना प्रवास फुकट असला तरी शून्याचं तिकीट फाडावं लागतं, म्हणून त्याने आधारकार्ड मागितलं आणि गाव विचारलं. "इदू नंदगड अल्ल, अज्जी." म्हणजे ही नंदगडची गाडी नव्हे, आजी. किणयेला उतरवून त्यानेच परतीच्या गाडीत बसवून दिलं. भला माणूस.

मला फोन केला तेव्हा म्हणाली, "मी चुकले न्हवं गे. पाटीच वाकडी लिवलेली."

आम्ही सगळे हसलो. वहिनी तर हसून हसून खाली बसली.

मंगळवार

आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं आणि मग एकेक आठवत गेलं. सुगीच्या दिवसांत गोठ्याच्या दाराची चौकट मधेच पोटात गेल्यासारखी दिसते म्हणून तिने गवंड्याला बोलावलं होतं. त्याने ओळंबा लावून दाखवला, चौकट सरळ. तिने त्यालाच वेड्यात काढलं. तांदूळ निवडताना ती सूप तिरकं धरते, मान वाकडी करते. चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर बदलून झाला. दुकानदाराने पैसे घेतले, "वयाचं आहे" म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याला तरी काय बोलायचं? आम्हीही मोतीबिंदू म्हणूनच गप्प बसलो होतो. पिकला की काढू. हे 'पिकला की' आमच्या घरात कुठून आलं कोण जाणे. डॉक्टर म्हणाले, पिकायची वाट बघायचे दिवस कधीच गेले.

मोतीबिंदू आहेच, पण थोडका. त्याने सगळंच धुरकट दिसतं. सरळ रेष वाकडी दिसणं हे मागच्या पडद्याचं काम. पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाची इवलीशी जागा असते, आपल्याकडे पीतबिंदू म्हणतात. अक्षर वाचणं, माणसाचा चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं, सगळं बारीक काम तिच्यावर. उतारवयात ती झिजू शकते. झिजली तर मधलं जातं, कडेचं राहतं.

आत्तीच्या उजव्या डोळ्यात तसं असावं असं त्यांना वाटतं. 'असावं' हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. कोरडा प्रकार वर्षानुवर्षं सावकाश चालतो. ओल्यात पडद्याखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, पाझरतात, आणि नजर काही आठवड्यांत जाऊ शकते. पण ओला इंजेक्शनने थोपवता येतो. कोणता ते ओसीटीच्या, म्हणजे पडद्याच्या आतल्या थरांच्या, फोटोत कळेल, आणि तो फोटो याच आठवड्यात काढा म्हणाले. गुरुवारची वेळ मिळाली.

मी विचारलं, इतके दिवस कळलं कसं नाही? उत्तर साधं होतं. डावा डोळा चांगला आहे. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं झाकून घेतो. एक डोळा मिटून कोण बघतं?

बाहेर आलो तर थेंबांमुळे बाहुल्या मोठ्या झालेल्या, तिला ऊन सोसेना. कॉलेज रोडवर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून माझा दंड धरून चालली. लग्नातल्या नवरीसारखी, मी म्हटलं. तिला ते अजिबात आवडलं नाही.

बुधवार

सकाळपासून फोन. गाजराचा रस सगळ्यांनीच सांगितला. एकीने डोळ्यात मध घालायला सांगितलं. तिला मी बरंच सुनावलं आणि आता वाईट वाटतंय. पुण्याच्या चुलतभावाने गोळ्यांची बाटली पाठवतो म्हटलं. त्या गोळ्यांना निदान आधार आहे. २००१ सालच्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात ठरावीक जीवनसत्त्वं आणि जस्त यांनी मधल्या टप्प्यावरच्या रुग्णांत रोग पुढे सरकण्याचं प्रमाण कमी झालं होतं. पण गेलेली नजर त्याने येत नाही, आणि आत्ती त्या टप्प्यावर आहे की पुढे गेली हेच अजून ठरायचंय. बाटली थांबवली.

माझंही चुकतंय. दुपारी तिचा चहा मी हातात नेऊन दिला, बशी धरली, "गरम आहे हं" म्हटलं. तिने कप काढून घेतला.

"आंधळी झाले न्हवं अजून."

आणि माझ्याकडे तोंड करून बोलता बोलता, मान न वळवता, ओट्यावर दुधाकडे निघालेल्या मांजराला तिने "हाड" केलं. मी डोळे फाडून बसले होते, मला मांजर दिसलं नव्हतं.

म्हणजे कडेचं राहतं ते असं.

बुधवार, रात्री

डॉक्टरांनी एक चौकड्यांचा कागद दिलाय. दहा सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद, अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरचे चौकोन, मधोमध काळं टिंब. मार्क अ‍ॅम्सलर नावाच्या स्विस डॉक्टरांच्या नावाने ओळखतात. वाचायचा चष्मा लावायचा, कागद फूटभर लांब धरायचा, एक डोळा झाकायचा आणि फक्त टिंबाकडे बघायचं. रोज. काही बदललं तर लगेच कळवायचं.

जेवणं झाल्यावर बसलो. आधी उजवा झाकला. "हे काय, गणिताची वही," म्हणाली. सगळे चौकोन सरळ. मग डावा झाकला.

बराच वेळ काही बोलली नाही. चष्मा काढून पदराने पुसला, परत लावला. पुन्हा डावा झाकला.

"टिंब कुठाय?"

मी पेन्सिल दिली, जिथं दिसत नाही तिथं खूण कर म्हटलं. हात थरथरला नाही तिचा. आधी दोन-तीन रेषा पाण्यातल्या काठीसारख्या वाकवून काढल्या, मग मधे पेन्सिल गोल फिरवून थांबली. साधारण पावलीएवढं.

"पूज्य आलं बघ," म्हणाली.

मग मी जरा रागानेच विचारलं, सुगीपासून असं दिसतंय तर बोलली का नाहीस. म्हणाली, सांगितलं असतं तर बापूने एकटीला गाडीत बसू दिलं नसतं. यावर मला काही सुचलं नाही. खरंच बसू दिलं नसतं. मीही नसतं.

डोळ्यात सुई घालतात हे तिला कुणीतरी सांगून ठेवलंय. मला कळलेलं सगळं सांगितलं: आधी थेंबांनी डोळा बधिर करतात, सुई बाहुलीत नाही, पांढऱ्या भागातून देतात, आणि लागलीच तर सुरुवातीला साधारण महिन्या-महिन्याने. तिने ऐकून घेतलं. घाबरली का ते तिच्या तोंडावरून कधीच कळत नाही. माझं तोंड तिला किती दिसत होतं, देव जाणे.

फाईल, आधारकार्ड, जुने दोन्ही चष्मे पिशवीत भरले. सकाळी नऊला रिक्षा सांगितलीय म्हटलं, तर उठून बसली.

"रिक्षा कशाला? मला फुकट, तुलाबी फुकट. दोन तिकिटं सोडून पैसे घालतीस?"

थेंब घालणार, येताना ऊन लागेल, मी समजावू लागले.

"येताना रिक्षा. जाताना बस. पाटी तू वाच म्हणजे झालं."