आरव्ही, तंबू आणि मिसिसिपीच्या उगमावर आमचे बाबा

भारतातून फोनवर सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, ती चाकावरची घरं, आरव्ही म्हणतात ती, असतात ना तुमच्याकडे, मजा असेल नाही? मजा आहे, पण रील्समध्ये दिसते ती नाही. तिथे बाई खिडकीत कॉफी पीत बसलेली असते आणि मागे तळं. त्या तळ्यापर्यंत पोचायला कुणीतरी २५ फुटी गाडी झाडांमधून रिव्हर्स घेतलेली असते, ते काही दाखवत नाहीत.

आम्ही मिनेसोटात राहतो, अमेरिकेच्या उत्तर टोकाला, वर लगेच कॅनडा. नंबरप्लेटवरच दहा हजार तळी लिहिलेलं असतं, आणि दहा एकरांहून मोठी मोजली तर खरी ११,८४२ भरतात. उन्हाळा जेमतेम तीन महिने, त्यामुळे जून लागला की अख्खं राज्य उत्तरेकडे जंगलात पळतं. त्यात यंदा सांगलीहून आईबाबा आलेले. एरवी आम्ही तंबूवाले, पण आईचे गुडघे आणि बाबांचं रात्री उठणं बघता आरव्ही भाड्याने घेतली आणि मित्राची फॅमिली शेजारच्या साइटवर, म्हणजे मुक्कामाच्या जागेवर, तंबू घेऊन आली. जायचं ठिकाण इटास्का स्टेट पार्क. इथली बुकिंगं १२० दिवस आधी उघडतात, त्यामुळे फेब्रुवारीत बाहेर बर्फ असताना लॅपटॉप घेऊन बसायचं आणि जूनची जागा पकडायची.

आता खर्चाचं पण सांगतो कारण सगळे विचारतात. पार्कात साइटचं भाडं हॉटेलच्या मानाने किरकोळ, पण आरव्हीचं भाडं, त्याचा इन्शुरन्स आणि लिटरला चार किलोमीटर असं पेट्रोल पिणारं धूड हे सगळं धरलं तर हॉटेल स्वस्त पडतं. पैसे वाचवायला आरव्ही घेऊ नका.

साइटवर पोचलो तर बाबा आधीच खाली उतरून मागे उभे, येऊ दे, येऊ दे, डावीकडं काट, बास्स... एसटीचे कंडक्टर असल्यासारखे. आजूबाजूचे गोरे लोक खुर्च्या टाकून बघत होते, हा त्यांचाही करमणुकीचा कार्यक्रम असतो.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत हे सांगायला हवं, कारण पुढचा सगळा मुक्काम पाण्यावरच चालला. आमच्या साइटवर लाईट होती, ३० अँपियरची, पण नळ आणि ड्रेनेज नव्हतं. म्हणजे गाडीच्या टाकीत भराल तेवढंच पाणी, आमच्या टाकीत साधारण दीडशे लिटर. वापरलेलं पाणी वाहून जात नाही, तेही गाडीतच साठतं, सिंक आणि अंघोळीचं एका टाकीत आणि संडासचं दुसऱ्या टाकीत, पहिलीला ग्रे टँक म्हणतात आणि दुसरीला ब्लॅक. आईने पहिल्या दिवशी सवयीप्रमाणे नळ सोडून भांडी घासली आणि संध्याकाळपर्यंत ग्रे टाकीचा दिवा लाल! मग बाबांनी सूत्रं हातात घेतली. भांडी पार्कच्या धुण्याच्या जागेवर, अंघोळी पार्कच्या शॉवरमध्ये, गाडीतलं पाणी फक्त चहा, स्वयंपाक आणि देवाला. एक कागद चिकटवून त्यावर सकाळ-संध्याकाळ टाकीची पातळी लिहायला लागले, धरणाची लिहितात तशी. खरं सांगू का, आपल्या लोकांना आरव्ही जड जात नाही. ज्यांनी दिवसाआड येणाऱ्या नळावर संसार केलाय त्यांना दीडशे लिटर म्हणजे चैन आहे, रोज वीस मिनिटं शॉवरखाली उभं राहायची सवय असलेल्यांची पंचाईत होते.

तंबूवाल्यांचं वेगळंच चाललेलं. जूनअखेर असूनही रात्री पारा सात-आठ डिग्रीवर, स्लीपिंग बॅगेत नाकापर्यंत गुंडाळून झोपायचं. आणि खाण्याचं काही म्हणजे काहीच तंबूत ठेवायचं नाही, टूथपेस्ट आणि साबण पण नाही, सगळं गाडीत लॉक, कारण काळी अस्वलं. आई म्हणाली, अस्वल काय गोडा मसाला खातंय होय? पण नंतर तिनेच अगरबत्तीचा पुडा सुद्धा दोन पिशव्यांत बांधून ठेवला.

अस्वल काही दिसलं नाही, डास मात्र दिसले. दिसले म्हणजे काय, त्यांनी आम्हाला वाटून घेतलं. ओडोमॉस इथे पोरखेळ वाटतो, डीट नावाचं रसायन असलेला स्प्रे लागतोच. त्याहून वाईट टिक, म्हणजे गोचीड, काहींच्या चावण्यातून लाइम नावाचा आजार होतो, म्हणून पँट मोज्यात खोचून फिरायचं आणि परत आलं की मान, काखा, गुडघ्यामागे सगळं तपासायचं. पोरांच्या केसात रोज संध्याकाळी आईची बोटं फिरायची.

संध्याकाळ तरी कसली, साडेनऊला उजेड असतो इथे. आईची पंचाईत ही की दिवेलागण कधी धरायची. शेवटी सातला शुभंकरोती उन्हातच उरकलं.

शेकोटीचं लाकूड घरून आणायचं नाही, इथल्याच भागातलं मंजुरी असलेलं विकत घ्यायचं. ॲश नावाच्या झाडांना पोखरणारी एक हिरवी कीड आहे, आशियातून आलेली, मिनेसोटात २००९ मध्ये सापडली, आणि ती सरपणाबरोबर गावोगाव फिरते. असो, तर त्या निखाऱ्यांवर वांगी भाजली आणि भरीत केलं, ज्वारीची भाकरी मात्र तव्यावर. शेजारचा म्हातारा वास काढत आला आणि खाऊन गेला, दुसऱ्या दिवशी त्याने धरलेला वॉलाय मासा साफ करून आणून दिला. आईबाबा माळकरी, त्यामुळे तो मित्राकडे तंबूत, म्हणजे तंबूबाहेर, तळला गेला.

आता मुख्य गोष्ट. इटास्का तळ्यातून मिसिसिपी नदी निघते. पुढे जवळपास ३,७०० किलोमीटर जाऊन मेक्सिकोच्या आखाताला मिळणारी नदी इथे वीसेक फूट रुंद आणि गुडघाभर खोल, दगडांवरून पोरं इकडून तिकडे उड्या मारतात. आणि गंमत म्हणजे ती आधी उत्तरेला जाते, मग वळसा घेऊन दक्षिणेकडे. इथल्या ओजिब्वे लोकांना हे तळं माहीत होतंच, १८३२ मध्ये त्यांच्यातल्या ओझाविंडिबने स्कूलक्राफ्ट नावाच्या गोऱ्या माणसाला आणून दाखवलं आणि उगम शोधल्याचं नाव मात्र स्कूलक्राफ्टचं झालं.

बाबा बराच वेळ इकडे तिकडे बघत होते. मग म्हणाले, एवढ्या नदीचा उगम आणि साधं देऊळ नाही? कृष्णेकाठच्या माणसाला ते खटकणारच, महाबळेश्वरला गोमुखातून पाणी पडतं तिथे आपण रांग लावतो. आईने चपला काढल्या, पाण्यात उतरली, ओंजळ सोडली आणि नमस्कार केला. बाजूची दोन अमेरिकन पोरं बघून बघून तसंच करायला लागली.

बाबा तोवर दगडांची ओळ निरखत होते. म्हणाले, हे नैसर्गिक नाही, कुणीतरी रचलंय. आणि खरंच, पुढे फलकावर तसंच लिहिलेलं, १९३० च्या दशकात दलदल हटवून, बांध घालून वर दगड बसवलेत. त्या आनंदात त्यांनी जेवण होईपर्यंत आम्हाला बांधकाम समजावलं. तिथल्याच माहिती केंद्राला मेरी गिब्ज या बाईंचं नाव आहे, १९०३ मध्ये चोविसाव्या वर्षी पार्कच्या प्रमुख होत्या. लाकूडतोड कंपनीने बांधाची दारं बंद ठेवून तळ्याचं पाणी चढवलं होतं, ही पोरगी जाऊन बंदुकवाल्यांसमोर दारं उघडा म्हणाली. बाबांनी तो मजकूर दोनदा वाचला. आमच्या खात्यात असं कुणी असतं तर, एवढंच म्हणाले.

आरव्हीबद्दल माझी एकच तक्रार आहे. रात्री तळ्यावर लून पक्षी ओरडतो, लांब, रडल्यासारखा, अंगावर काटा येतो. हा इथला राज्यपक्षी. तंबूत तो उशाशी ऐकू येतो आणि आरव्हीत फ्रीज आणि हीटरची घरघर. मित्राच्या बायकोने सकाळी सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं की रात्री पक्षी किती वेळ ओरडत होते.

निघायच्या दिवशी टाक्या रिकाम्या करायचं काम बाबांनी कुणाला करू दिलं नाही. हातमोजे घालून, आधी ब्लॅक मग ग्रे, म्हणजे मागून येणाऱ्या पाण्याने पाइप धुऊन निघतो, याचं त्यांनी फार कौतुक केलं. आई म्हणाली, पुढच्या खेपेला तंबूत झोपून बघू, पक्षी ऐकायचाय मला. बाबा म्हणाले, झोपशील गं, सकाळी उठवायला क्रेन कोण आणणार?