दोन मिनिटांचा चकवा

भयपटाचा सुरुवातीचा, श्रेयनामावलीचा दोन मिनिटांचा तुकडा करायचा ठरला की चित्रपट शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची पहिली खरेदी असते पांढरी साडी, लांब केसांचा विग आणि लाल रंगाची बाटली. या तुकड्याला यातलं काहीच लागत नाही. मेकअप जवळून उघडा पडतो, विग फोनच्या कॅमेऱ्यात विगच दिसतो आणि दुसऱ्याच मिनिटाला भूत समोर आलं की पुढे दाखवायला काही उरत नाही. आपल्याकडच्या भुतांमध्ये विद्यार्थ्यांना खरोखर परवडणारा आहे तो चकवा. त्याला चेहरा नाही, कपडे नाहीत. रात्री वाट चालणारा माणूस फिरून फिरून त्याच जागी येतो, एवढंच त्याचं काम. सगळी भीती जागेतून येते.

मात्र त्यासाठी ती जागा प्रेक्षकाला आधी पाठ व्हावी लागते. जी जागा नीट ओळखीची झाली नाही, तिच्यात झालेला बदल कुणाला कळत नाही आणि न कळलेल्या बदलाची भीती वाटत नाही. पुढचं सगळं, म्हणजे कॅमेरा, दिवा, आवाज, याच एका गोष्टीसाठी आहे.

उदाहरण म्हणून जुन्या इमारतीचा जिना घेऊ. रात्रीचे अकरा. एक मुलगी वर चढते आहे. एका मजल्यावर बंद दार, कडीला सकाळच्या दुधासाठी अडकवलेली कापडी पिशवी, भिंतीवर ‘२ रा मजला’. ती पुढे चढते आणि येते ती पुन्हा दुसऱ्याच मजल्यावर. तीच पिशवी, तोच आकडा, फक्त दारासमोर आता एक डावी चप्पल आहे. ती आणखी चढते. पुन्हा दुसरा मजला. दारासमोर दोन्ही चपला, अंगठे दाराकडे, कुणी आत गेल्यासारख्या. ती खाली बघते. तिचे पाय अनवाणी आहेत. काळा पडदा, त्यावर चित्रपटाचं नाव.

यात चपलांचा एकच जोड लागतो, कारण दारासमोर जेवढ्या चपला असतील तेवढ्या तिच्या पायातून कमी झालेल्या असतात. भिंतीवरचा मजल्याचा आकडा मात्र सोडू नका. तो नसेल तर प्रेक्षक सरळ समजतो की ती तिसऱ्या मजल्यावर आली. जुन्या इमारतीत सगळे मजले सारखेच दिसतात. भिंत रंगवायची नाही, जाड कागदावर आकडा रंगवून कागदी चिकटपट्टीने लावायचा. आकडा कॅमेऱ्यातून वाचता येतो का ते आधी बघा. उंची साधारण वीत-दीड वीत हवी.

कागदावर हे सव्वा पानात मावतं. ‘एक पान म्हणजे एक मिनिट’ हा हिशेब संवाद असलेल्या पटकथेचा आहे. बिनसंवादी तुकड्यात पान लवकर संपतं आणि वेळ जास्त जातो. म्हणून लिहून झाल्यावर स्टॉपवॉच घेऊन प्रत्यक्ष जिन्यावर जा. दहा पायऱ्या सावकाश चढायला दहा-बारा सेकंद लागतात. दर वेळी अख्खा जिना दाखवला तर निम्मा वेळ पायऱ्यांतच जाईल. दर फेरीच्या शेवटच्या तीन पायऱ्या पुरतात.

१२० सेकंदांची वाटणी मी अशी करेन: पहिली १० सेकंद काळा पडदा, फक्त फाटकाचा आणि पावलांचा आवाज. पहिली फेरी ३२, दुसरी ३०, तिसरी ३८ आणि शेवटची १० चित्रपटाच्या नावासाठी. दाराचा जो रुंद शॉट तिन्ही फेऱ्यांत येतो, तो पहिल्यांदा ८ सेकंद, दुसऱ्यांदा ६ आणि तिसऱ्यांदा तब्बल १४ सेकंद ठेवायचा. बहुतेक जण उलट करतात. शेवटाकडे कट वेगवान करत नेतात. इथे प्रेक्षकाला स्वतः शोधू द्यायचं आहे. चपला त्याच्या त्यालाच दिसल्या पाहिजेत, क्लोजअप देऊन बोट दाखवायचं नाही.

एकूण १७ शॉट होतात, पण कॅमेऱ्याच्या जागा फक्त सहा: दाराचा रुंद शॉट, पावलं, कठड्यावरचा हात, चेहरा, पाठीमागून, आणि पिशवी. शूटिंग गोष्टीच्या क्रमाने करायचं नाही, जागांच्या क्रमाने करायचं. रुंद शॉटच्या तिन्ही फेऱ्या लागोपाठ घ्या आणि मध्ये ट्रायपॉडला हात लावू नका. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांखाली फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा, लेन्सची जमिनीपासूनची उंची (इथे ९० सेंटिमीटर चांगली) वहीत, आणि प्रत्येक टेकनंतर चौकटीचा एक फोटो. पिशवीची घडी दुसऱ्या फेरीत वेगळी पडली तर प्रेक्षक चपलेऐवजी पिशवीकडे बघत बसतो. पिशवीचा बंद दोऱ्याने कडीला बांधून टाका. एका जागेचा दिवा-कॅमेरा लावायला अर्धा तास धरा, म्हणजे तीन तास. १७ शॉटचे तीन-तीन टेक म्हणजे आणखी अडीच तास. एका रात्रीत हे उरकत नाही, दोन रात्रींची परवानगी मागा.

जिन्यात हमखास चुकते ती दिशा. मुलगी डावीकडून उजवीकडे चढते असं एकदा ठरलं की प्रत्येक शॉटमध्ये ती उजवीकडून बाहेर पडली पाहिजे आणि डावीकडून आत आली पाहिजे. पण आपले बहुतेक जिने अर्ध्यात वळतात, त्यामुळे वळणानंतर तीच मुलगी पडद्यावर उलट्या दिशेने चालू लागते आणि खाली उतरत असल्यासारखी दिसते. वळण दाखवूच नका. तिथे कठड्यावरून सरकणारा हात टाका. हाताच्या शॉटनंतर दिशा नव्याने सुरू झाली तरी खटकत नाही.

आता फोन. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. २५ फ्रेम प्रति सेकंद आणि शटर, म्हणजे एका फ्रेमवर उजेड पडू देण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवलं की प्रत्येक फ्रेमला सारखा उजेड मिळतो. फोन सहसा स्वतःहून ३० फ्रेम आणि १/६० धरतो, आणि मग भिंतीवर आडवे काळसर पट्टे सरकत राहतात. एडिटिंगमध्ये ते नीट जात नाहीत. (अमेरिकेत शूट करणाऱ्यांसाठी हे उलट आहे, तिथे ६० हर्ट्झ असल्यामुळे १/६० बरोबर.) फोनच्या कॅमेऱ्यात ही सेटिंग मिळत नसतील तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप आयफोन आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर फुकट मिळतं. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ४०० ते ८०० च्या मध्ये, फोकस लॉक, एक्सपोजर (चित्राचा उजळपणा) लॉक, व्हाइट बॅलन्स (कोणता उजेड पांढरा धरायचा ते) ३२०० केल्विनवर लॉक, एचडीआर (उजळ-गडद भाग आपोआप सावरणारी सोय) बंद. एक्सपोजर लॉक नसेल तर ती बल्बखालून जाताना सगळी भिंत श्वास घेतल्यासारखी उजळते आणि मंदावते. लेन्स मुख्यच वापरा. अल्ट्रावाइडचा सेन्सर सहसा लहान असतो, अंधारात चित्र दाणेदार होतं. आणि झूम लेन्स निवडली तरी कमी उजेडात कित्येक फोन गुपचूप मुख्य सेन्सरचाच तुकडा मोठा करून देतात. फोन एअरप्लेन मोडवर टाका, ४के साठी ३० जीबी जागा मोकळी ठेवा.

दिवे दोनच. जिन्यातला बल्ब काढून ९ वॅटचा पिवळसर, २७०० केल्विनचा एलईडी लावा. काही बल्ब योग्य शटरलाही लुकलुकतात, म्हणून विकत घेण्यापूर्वी दुकानातच पेटवून फोनमधून बघा. दुसरा दिवा म्हणजे पांढरी एलईडी टॉर्च, वरच्या वळणावरून खाली, मुलीच्या मागून येणारी, टॉर्चसमोर बटर पेपर. व्हाइट बॅलन्स ३२०० वर असल्यामुळे हा पांढरा उजेड आपोआप निळसर दिसतो, निळा जिलेटिन कागद लागतच नाही. लाल झिरोचा बल्ब मात्र टाळाच. लाल उजेडात फोनच्या सेन्सरचा एकच रंग भरून वाहतो आणि चेहऱ्याचा सपाट लाल डाग होतो.

अंधार शूट करताना थोडं उजळच शूट करायचं, नेहमीपेक्षा फार तर एक स्टॉप (म्हणजे निम्मा उजेड) खाली, आणि काळोख एडिटिंगमध्ये करायचा. तिथल्या तिथे काळं केलेलं चित्र उचलायला गेलं की सावल्यांत रंगीत ठिपके नाचतात. शिवाय अपलोड केल्यावर व्हिडिओ दाबला जातो आणि सपाट काळ्या भिंतीवर चौकोन उमटतात. पोपडे आलेली, ओल आलेली भिंत निवडा. खरबरीत पृष्ठभागावर हे चौकोन लपतात.

आवाजावर सगळ्यात जास्त वेळ द्या. या तुकड्यातली खरी भीती कानातून येते: पहिल्या फेरीत दोन्ही चपलांचा फटफट आवाज, दुसऱ्या फेरीत एक फट आणि एक मऊ पाऊल, तिसऱ्या फेरीत फक्त अनवाणी पावलं. चौकस कानाला हे डोळ्यांच्या आधी कळतं, आणि तिसरा रुंद शॉट रिकामा असताना अनवाणी पावलं जवळ येत राहतात तेव्हा ते सगळ्यांनाच कळतं.

ही पावलं शूटिंगच्या वेळी नीट मिळत नाहीत. त्याच रात्री, कॅमेरा बंद करून, त्याच जिन्यावर वेगळी रेकॉर्ड करा, कारण जिन्याचा घुमारा एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या प्लगइनने (जोड-सोयीने) तंतोतंत येत नाही. तिन्ही प्रकार प्रत्येकी तीनदा. ४८ किलोहर्ट्झ, सर्वात मोठा आवाज वजा १२ डेसिबलच्या आसपास. चपलेसाठी माइक दोन-अडीच फुटांवर चालतो. अनवाणी पाऊल फार हळू असतं, तिथे अर्ध्या फुटावर आणा, नाहीतर आवाज वाढवताना मागची घरघरही वाढते. तळवे ओल्या फडक्याने पुसले की पाऊल फरशीवर किंचित चिकटतं आणि ऐकू येण्याजोगं होतं. पायरी ओली करू नका, पाय घसरेल. एडिटिंगमध्ये टाच टेकते ती फ्रेम आणि आवाजाची सुरुवात एकाच जागी आणा.

निघण्यापूर्वी सगळ्यांनी स्तब्ध उभं राहून एक मिनिट जिन्याची शांतता रेकॉर्ड करायची. ही शांतता सगळ्या दोन मिनिटांखाली अंथरलेली हवी. आवाजाची पट्टी पूर्ण रिकामी राहिली तर प्रेक्षकाला भीती वाटत नाही, स्पीकर बंद पडला असं वाटतं. पाण्याची मोटर कधी चालू होते ते आधीच विचारून ठेवा. पुण्यात गणपतीच्या आधीचे काही आठवडे ढोल-ताशांचा सराव संध्याकाळी चालतो, त्या वेळी आवाजाचं काम धरू नका.

संगीत म्हणून तानपुऱ्याचा आवाज स्वतः रेकॉर्ड करून पाव वेगाने चालवा; स्वर दोन सप्तकं खाली उतरतो आणि मूळ वाद्य ओळखू येत नाही. कॉपीराइटचा प्रश्नही येत नाही. पण मोबाइलच्या स्पीकरला साधारण २०० हर्ट्झच्या खालचं फारसं झेपत नाही, म्हणून त्यावर अर्ध्या वेगाचा एक थर चढवा. तिसऱ्या रुंद शॉटच्या दीड सेकंद आधी हे सगळं संगीत तोडून टाका. तिथे मोठा धडाम आवाज टाकायचा मोह होतो, तो आवरा.

श्रेयनामावलीसाठी एक अडचण खास आपल्या लिपीची. इंग्रजी भयपटांसारखी अक्षरं दूर-दूर पसरवली की देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्द मोडलेला दिसतो. एकेक अक्षर उमटवायला गेलं तर पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं मध्येच विचित्र दिसतात. पूर्ण शब्द सावकाश उजळू द्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट फुकट आहे आणि बारीक वजनातही वाचता येतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर नाव इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी (चित्राची फाइल) करून आणा. प्रत्येक नाव मनात दोनदा वाचून होईल इतका वेळ, म्हणजे तीनेक सेकंद. जागा रुंद शॉटमधल्या रिकाम्या भिंतीवर, पण तिसऱ्या रुंद शॉटवर एकही नाव नको.

परवानगी सोसायटीच्या सेक्रेटरीकडून लेखी घ्या. वॉचमनला आणि त्या मजल्यावरच्या घरांना तारीख-वेळ सांगा. ज्यांचं दार दिसणार आहे त्यांच्या नावाची पाटी झाका. पायऱ्यांच्या कडेला पांढरी चिकटपट्टी लावा, कॅमेऱ्यात येईल तेवढी टेकपुरती काढा. लिंबू, काळी बाहुली, कुंकू असलं काही वापरू नका. त्यातलं एक लिंबू जरी सकाळी कुणाच्या दारात राहिलं तरी पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना ती इमारत मिळणार नाही.

एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. फोनने फ्रेमचा वेग बदलता ठेवून रेकॉर्ड केलं असेल तर वेगळा घेतलेला आवाज हळूहळू मागेपुढे सरकतो. आधी हँडब्रेक या व्हिडिओ फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेमची फाइल करून घ्या. पहिला कट संगीताशिवाय करा. तो अडीच मिनिटांच्या पुढे जाईल. कापायला सुरुवात चेहऱ्याच्या शॉटपासून करा, दारापासून नाही.

मग ज्याने पटकथा वाचलेली नाही अशा एकाला फोनवर, ब्राइटनेस निम्मा ठेवून दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: शेवटी ती कितव्या मजल्यावर होती? उत्तर ‘चौथ्या’ असं आलं तर पहिला रुंद शॉट आणखी दोन सेकंद वाढवा, आकड्यावरचा उजेड वाढवा आणि दुसऱ्या माणसाला दाखवा.