एचटीपीसी अपडेट: दर ४१ सेकंदांनी बसणारा गचका, आणि त्याचा बेताल भाऊ

मंडळी, टीव्हीखालच्या डेस्कटॉपवर (एचटीपीसी म्हणजे हाच, टीव्हीला जोडलेला पिक्चर बघायचा पीसी) व्हिडिओ मधूनच गचके खातो हे रडगाणं मागच्या अपडेटमध्ये गाऊन झालंय, आता बहुतेक सुटलंय म्हणून सविस्तर लिहितो. मशीन तेच, आय५-६५००, त्याच्यातच असलेलं एचडी ५३० ग्राफिक्स, १६ जीबी रॅम, विंडोज एसएसडीवर आणि सगळे पिक्चर ४ टीबीच्या साध्या हार्ड डिस्कवर. प्लेअर एमपीव्ही. घरच्यांचं ठाम मत की "नेट स्लो आहे". अरे फाइल डिस्कवर पडलीये, नेटची वायर उपटून ठेवली तरी गचका येतोच, पण मत काही बदलत नाही.

शोधायला गेलं की सल्ले ठरलेले असतात, ड्रायव्हर अपडेट कर, कोडेक पॅक टाक, नाहीच जमलं तर विंडोज नवीन मार. यातलं काहीही करायच्या आधी मी फोनवरचं स्टॉपवॉच आणि एक कागद घेऊन बसलो. गचका बसला की वेळ लिहायची, सोबत आवाजही तुटला का ते लिहायचं, बस. माझं मत विचाराल तर अर्धं निदान इथेच होतं. आवाज नीट चालू आणि चित्र मागे मागे पडत चाललं तर डिकोडिंगचा, म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्याचा, भार झेपत नाहीये. आवाजात कर्रकुर्र आणि चित्राला बारीक धक्का असेल तर एखादा ड्रायव्हर सीपीयू अडवून बसलाय. दोन्ही एकदम थांबून पुन्हा एकदम चालू झालं तर प्लेअरला डेटाच मिळत नाहीये. आणि आवाज एकदम गुळगुळीत, चित्र फक्त एक उचकी देतं आणि तीही ठरलेल्या अंतराने, तर मशीन धडधाकट आहे, गणित चुकलंय.

कागदावर दोन प्रकार स्पष्ट दिसले. एक उचकी साधारण ४१-४२ सेकंदांनी, आवाजाला धक्का नाही. दुसरा गचका कधीही, कधी अर्धा तास पत्ता नाही तर कधी पाच मिनिटांत दोनदा, आणि त्यात आवाजही तुटणार. इतके दिवस आपण दोघांना एकच नाव देत होतो म्हणून एक उपाय लागू पडतोय असं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

४१ वाला आधी. पिक्चरची फाइल सेकंदाला २४ फ्रेमची असं आपण म्हणतो पण बहुतेक ब्लू-रे २३.९७६ च्या असतात, म्हणजे २४०००/१००१. हे १००१ चं लचांड १९५३ सालच्या अमेरिकन रंगीत टीव्हीचं, ३० चं २९.९७ तिथे झालं आणि सिनेमा त्यांच्या टीव्हीवर चालवायचा म्हणून २४ चं २३.९७६, आणि ते आपल्या दिवाणखान्यापर्यंत आलंय. आता टीव्ही बरोबर २४.००० हर्ट्झवर असेल, म्हणजे सेकंदाला २४ वेळा चित्र बदलत असेल, तर सेकंदाला ०.०२४ फ्रेम कमी पडते, १ भागिले ०.०२४ करा, ४१.७ सेकंद. तेवढ्या वेळात एक अख्खी फ्रेम कमी पडते आणि प्लेअर आधीचीच परत दाखवतो. उचकी ती हीच.

मग कधी दिसते कधी नाही असं का, तर दोन माणसं समोरासमोर बसून बोलतायत तेव्हा एक फ्रेम डबल झाली तर कुणाच्या बापाला कळत नाही. कॅमेरा डावीकडून उजवीकडे सावकाश फिरत असेल किंवा शेवटी नावं वर सरकत असतील तेव्हाच डोळ्याला टोचते. म्हणून टेस्टला नेहमी श्रेयनामावली लावा. फोनवर काढलेले मिरवणुकीचे व्हिडिओ अजिबात लावू नका, फोन बहुतेक वेळा कमीजास्त फ्रेमरेटने रेकॉर्ड करतो, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

जुन्या लोकांना आठवत असेल, २०११ च्या सँडी ब्रिज प्रोसेसरमधल्या इंटेल ग्राफिक्सला हा रोग जन्मजात होता, २३.९७६ मागितलं तरी ते २४ च द्यायचं. एचडी ५३० ला तसं काही नाही. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या यादीत २३ आणि २४ असे दोन वेगळे पर्याय दिसतात, २३ लिहिलेला म्हणजे खरा २३.९७६, आणि सेट होता २४. माझा टीव्ही दोन्हीला २४ च म्हणतो त्यामुळे तिथून कळायला मार्ग नाही. ५९ आणि ६० चंही सेम, तिथे ५९.९४ ची फाइल ६० वर लावली तर साधारण १७ सेकंदांनी उचकी.

२३ केल्यावर ती ४१ ची लय गेली, पण मोठ्या अंतराने एखादी उचकी राहिलीच, कारण प्लेअर चित्र आवाजाच्या घड्याळावर चालवतो आणि साउंडचं घड्याळ नि डिस्प्लेचं घड्याळ दोन वेगळे क्रिस्टल, ते तंतोतंत जुळत नाहीत. एमपीव्हीच्या कॉन्फिगमध्ये व्हिडिओ-सिंक ला डिस्प्ले-रिसॅम्पल दिलं की उलटं होतं, चित्र डिस्प्लेच्या तालावर आणि आवाज किंचित ताणून त्याला जुळवला जातो, कानाला काही कळत नाही. एकच अट, स्पीकर चालवणाऱ्या रिसीव्हरला आवाज जसाच्या तसा बिटस्ट्रीम पाठवत असाल तर तो ताणता येत नाही, दोन्हीतलं एक निवडा. मी चित्र निवडलं.

आता बेताल भाऊ. लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर सीपीयू अडवतोय का ते बघणारं सॉफ्टवेअर) पिक्चर चालू असताना तासभर चालू ठेवलं, हिरवंच. तापमान ७० च्या आत. एमपीव्हीत शिफ्ट आणि आय दाबलं की माहितीचा पडदा राहतो, तिथे डिकोडरने टाकलेल्या फ्रेम शून्य. मग त्याच पडद्यावर ३ दाबून कॅशचं, म्हणजे प्लेअरने पुढचं वाचून ठेवलेल्या साठ्याचं, पान लावून बसलो आणि गचक्याच्या क्षणी कॅश शून्यावर आपटताना पकडली. तीच फाइल एसएसडीवर कॉपी करून लावली, अख्खा पिक्चर बिनगचक्याचा.

म्हणजे डिस्क. पण डिस्कचा स्पीड नाही हं, ब्लू-रेचा १०८०पी व्हिडिओ जास्तीत जास्त ४० मेगाबिटचा, ही डिस्क सेकंदाला शंभरच्या वर मेगाबाइट देते, वीसपट तरी झालं. प्रश्न स्पीडचा नसून मधेच गप्प बसण्याचा होता. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये ०५ आणि सी५ (खराब आणि संशयित सेक्टरचे आकडे) दोन्ही शून्य, म्हणजे तबकडी ठणठणीत, पण सी७, यूडीएमए सीआरसी एरर, म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी, वाढत होता (तिथले आकडे हेक्समध्ये असतात, १० दिसलं तर ते १६ समजा). विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १५३ नंबरच्या नोंदी, इनपुट-आउटपुट पुन्हा करावं लागलं अशा, आणि त्यांच्या वेळा माझ्या कागदावरच्या वेळांशी जुळल्या. खरं सांगतो, कागद बघून खुर्चीतून उठलोच.

सी७ वाढतोय आणि बाकी स्वच्छ म्हणजे संशय पहिल्यांदा वायरवर. डेटा वाटेत बिघडतो, सीआरसी जुळत नाही, परत मागवला जातो, फारच बिघडला तर कनेक्शन रीसेट होतं, आणि तेवढ्यात एमपीव्हीकडचा साठा संपतो कारण लोकल फाइलसाठी तो डिफॉल्टला सेकंदभराचंच पुढे वाचून ठेवतो. कॅबिनेट उघडलं तर डिस्कची साटा डेटा केबल बाजूच्या पत्र्याला दाबून काटकोनात मुडपलेली. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून क्लिपवाल्या दोन केबली आणल्या, एक लावली, दुसरी ड्रॉवरमध्ये. सी७ चा आकडा खाली येत नाही, तो कायमचा डाग, वाढायचा थांबला की झालं. थांबलाय. आणि क्रिस्टलडिस्कइन्फोत ट्रान्सफर मोड जो साटा/३०० वर उतरला होता तो परत ६०० दाखवतोय. वर कॉन्फिगमध्ये कॅश यस पण केलंय, आता लोकल फाइलचंही बरंच पुढचं आधी वाचून ठेवतो.

राहिलेलं सांगतो. यूट्यूब ४के वर फ्रेम पडतात पण ती वेगळी गोष्ट आहे, आय५-६५०० च्या सहाव्या पिढीला एव्ही१ या नव्या व्हिडिओ कोडेकचं हार्डवेअर डिकोडिंग नाहीच, जुना एच२६४ कोडेक जबरदस्तीने लावला तर १०८०पी च्या वर मिळत नाही, मला तेवढं पुरतं. खरं काम आहे ते घरच्या लग्नाच्या मिनी-डीव्ही कॅसेटींचं, त्या पाल म्हणजे २५ फ्रेम इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत), ६० हर्ट्झवर २५ चा भागच जात नाही. त्यांना टीव्ही ५० वर आणि डी दाबून डीइंटरलेस, वरातीतला घोडा एकदम लोण्यासारखा चालतो. फक्त एमपीव्ही विंडोजवर रिफ्रेश रेट स्वतः बदलत नाही, फाइल बघून २३, ५० आणि ५९ आपोआप लावणारी स्क्रिप्ट सध्या लिहितोय, २३ आणि ५० चालतायत, ५९ ला टीव्ही दोन सेकंद काळा होऊन परत ६० वर जाऊन बसतो.