कॅमेऱ्याचे तांदूळ

माझ्या कॅमेऱ्याच्या बॅगेत सगळ्यात स्वस्त वस्तू आईने शिवलेली आहे. नवऱ्याच्या जुन्या जीन्सचा एक पाय, दोन्ही तोंडं शिवून बंद आणि आत दीड किलो तांदूळ. जाणकार तिला बीनबॅग म्हणतात, आमच्या घरी ती 'कॅमेऱ्याची उशी'.

तिच्याआधी ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याची तिपाई, आला होता. आला म्हणजे, तीन महिने मी तो निवडत होते. ॲल्युमिनियमचा की कार्बन फायबरचा, वर कॅमेरा बसवायला बॉल हेड की जिंबल, किती किलो पेलतो, वाऱ्यात हलतो का. रात्री जेवणं उरकली की व्हिडिओ सुरू. कुठल्याशा थंड देशात एक दाढीवाला गुडघाभर बर्फात उभा राहून ट्रायपॉडचे पाय उलगडून दाखवायचा आणि इकडे ठाण्यात पंख्याखाली बसून मी माना डोलवायचे. आपल्याला बर्फात कधीच जायचं नाही, हे त्या तीन महिन्यांत एकदाही सुचलं नाही.

मग भिगवण. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. पहाटे होडीत बसले, ऐटीत ट्रायपॉड उघडला. होडीवाले काका शांतपणे म्हणाले, "ताई, मिटवा ते. व्हडी हालली तर तुमच्यासंगट जाईल पाण्यात." खरंच होतं. जमीनच डुलत असेल तर तीन पाय असून उपयोग काय? पुढच्या खेपेला होडीच्या काठावर तांदळाची उशी ठेवली, तिला मधोमध खळगा पाडला आणि लेन्स त्यात ठेवली. बाळ मांडीवर विसावतं तशी बसली. उभा रोहित लांबून पांढुरकाच दिसतो, खरा रंग पंखांत दडलेला असतो. थवा उडाला, तेव्हा १/२००० सेकंदात तो लाल-काळा रंग हाती लागला.

त्याच सुमारास फुल फ्रेम कॅमेऱ्याने डोकं खाल्लं होतं. त्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, ३६ गुणिले २४ मिलिमीटर, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. माझ्या कॅमेऱ्याचा त्याच्या निम्म्याहूनही लहान. पैसे साठवून मुंबईत बोरा बाजारात गेले. काउंटरवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "काय काढता?" म्हटलं, पक्षी. "मग आहे तोच राहू द्या. तुमची ३०० एमएमची लेन्स त्याच्या लहान सेन्सरवर ४५० सारखं जवळ दाखवते. फुल फ्रेम घेतलात की पक्षी लांब जाणार आणि मग लेन्ससाठी परत माझ्याकडेच येणार." धंदा सोडून खरं बोलणारा माणूस भेटला की उगाच काहीतरी घ्यावंसं वाटतं. मी लेन्स पुसायचं फडकं घेतलं.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. दर महिन्याला भाडं भरून स्वतःचेच फोटो उघडायचे हे माझ्या मध्यमवर्गीय मनाला झेपत नाही. म्हणून डार्कटेबल, फुकटातलं. त्यात फोटो निवडायच्या जागेला 'लाइटटेबल' म्हणतात आणि रंग सुधारायच्या जागेला 'डार्करूम'. शिकायला दोन महिने गेले. एका सकाळचे आठशे फोटो, रॉ म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल साधारण २५ एमबीची, म्हणजे २० जीबी. त्यातून ठेवायचे नऊ. उरलेल्या ७९१ मध्ये रोहिताचे पाय तरी कापलेले, नाहीतर शेजारच्या होडीतल्या काकूंची टोपी.

पावसाळ्यात वेगळीच कथा. एका जुलैत ५० एमएमच्या लेन्सच्या आत कोळिष्टकासारखे धागे दिसले. बुरशी. तेव्हापासून बाहेर न्यायची नसली की सगळी मंडळी घट्ट झाकणाच्या डब्यात राहतात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. नारंगी दाणे हिरवे पडले की ओल शोषून त्यांचं पोट भरलं असं समजायचं आणि मंद आचेवर तापवून पुन्हा कामाला लावायचे. त्यासाठी एक जुना तवा वेगळा काढलाय.

उशीचा विचार मात्र कोणी केला नव्हता. गणपतीच्या आधी बॅग उघडली तर ३०० च्या लेन्सवर दोन पोरकिडे फिरत होते, बॅगेच्या चेनवर तिसरा. पिशवी आईकडे नेली. तिने उसवली, तांदूळ ताटात ओतले, मूठभर हातात घेऊन निरखले आणि माझ्याकडे बघितलं.

"अगं, इंद्रायणी भरलास यात? रेशनचा नव्हता का घरात?"